पेप्टाइड साखळीचं मॉडेल: आधी पाटी, मग साखळी

फेब्रुवारीत विज्ञान दिन जवळ आला की सांगली-मिरजेतली बीएस्सीची मुलं प्रोटीनच्या साखळीचं (अमिनो आम्लांच्या पेप्टाइड साखळीचं) मॉडेल घेऊन माझ्या विश्रामबागेतल्या क्लासमध्ये येतात. तक्रार ठरलेली. "मॅडम, हेलिक्स होतच नाही. नुसतं लोंबतंय."

लोंबणारच. हेलिक्स म्हणजे मळसूत्रासारखा वेटोळा. थर्माकोलच्या गोळ्या आणि टूथपिक घेऊन एकापुढे एक अणू टोचत गेलं की प्रत्येक बंध फिरतो आणि प्रत्येक कोन अंदाजपंचे पडतो. दहा अमिनो आम्लांच्या साखळीच्या कण्यात, म्हणजे मुख्य धाग्यात, तीस अणू असतात. दर अणूला दोन-तीन अंशांची चूक धरली, तरी शेवटचं टोक कुठल्या कुठे जातं. म्हणून क्रम बदला. अणू जोडायचे नाहीत. आधी सपाट, ताठ पाट्या करायच्या आणि मग त्या बिजागऱ्यांनी जोडायच्या. खालची कृती दहा अमिनो आम्लांच्या साखळीची आहे.

हात लावण्याआधी: कोणता कोन पक्का, कोणता फिरता

कण्यात तीन अणू पुन्हा पुन्हा येतात: नायट्रोजन, अल्फा कार्बन (याला साइड चेन, म्हणजे अमिनो आम्लागणिक बदलणारा बाजूचा गट, लटकतो), कार्बोनिल कार्बन (ऑक्सिजनला दुहेरी बंधाने जोडलेला). लेखभर त्यांना न, अ, क म्हणू. ऑक्सिजन ऑ, आणि नायट्रोजनवरचा हायड्रोजन ह.

क आणि पुढच्या अमिनो आम्लाचा न यांच्यामधला, दोन अमिनो आम्लं जोडणारा पेप्टाइड बंध कागदावर एकेरी काढतात, पण तो पुरता एकेरी नाही. साधा एकेरी कार्बन-नायट्रोजन बंध सुमारे १.४७ अँगस्ट्रॉमचा (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) असतो, दुहेरी सुमारे १.२७ चा. पेप्टाइड बंध १.३३ चा, म्हणजे दोन्हींच्या मधला. नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनची जोडी कार्बोनिलकडे ओढली जाते, म्हणून हा बंध सहजासहजी फिरत नाही. त्यामुळे अलीकडचा अ, क, ऑ, न, ह आणि पलीकडचा अ असे सहा अणू एकाच प्रतलात बसतात. ही आपली पाटी.

फिरतात फक्त अ च्या दोन्ही बाजूंचे बंध. न–अ बंधाभोवतीच्या पिळाला फाय म्हणतात, अ–क भोवतीच्या पिळाला साय. तिसरा पीळ ओमेगा, तो क–न भोवतीचा, आणि तो १८० अंशांवर जवळपास गोठलेला असतो.

सावधान: बंधकोन आणि पीळकोन यांची गल्लत ही सगळ्यात महागात पडणारी चूक. बंधकोन तीन अणूंमधला, पीळकोन चार अणूंमधला. "हेलिक्सचा कोन ५७ अंश" असं वाचून कोणी तार ५७ अंशांत वाकवून आणली, तर ती तार वाया गेली.

टप्पा १: सामान

माप आधी ठरवा: १ अँगस्ट्रॉम म्हणजे ३ सेंटीमीटर. याहून लहान केलंत तर कोनमापकाची चूक मोठी दिसते, मोठं केलंत तर टेबल पुरत नाही.

पुठ्ठा कडक आणि सपाट हवा. शर्टाच्या खोक्यातला किंवा जुन्या फाइलचा चालतो. भडंगाच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा फुकट मिळतो, पण घेऊ नका, नाळीवर दुमडतो. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिल्स सहा-सात लागतील. निब काढा, आतली शाई टिश्यूने ओढून घ्या आणि एक दिवस उभ्या ठेवून निथळू द्या, नाहीतर पाटी निळी होते. जीआय तार दीडेक मिलिमीटर जाडीची. हार्डवेअरच्या दुकानात रिफिल सोबत न्या आणि तार आत घालून बघा. सरकली पाहिजे, पण खुळखुळता कामा नये. बांधकामाची बाइंडिंग तार फार मऊ असते. मागे एकजण मिरजेहून सतारीची तार घेऊन आला. तार उत्तम, पण कामाची नाही: बारीक असल्याने रिफिलमध्ये नाचते आणि वाकवली की परत सरळ होते.

शिवाय एम-सील, टूथपिक, फेव्हिकॉल, पक्कड आणि मोठा कोनमापक. कंपासपेटीतल्या छोट्या कोनमापकावर एक अंश दिसतो, पण धरता येत नाही.

टप्पा २: पाटीचा नमुना काढणे

आलेखाच्या कागदावर एकच नमुना काढा, पण त्याला अर्धा तास द्या. पुढच्या सगळ्या पाट्या यावरून कापल्या जाणार.

१. आडवी ४.० सेंमी रेघ. डावं टोक क, उजवं टोक न.

२. क वर, क–न रेघेपासून वरच्या बाजूला ११६ अंश. त्या दिशेने ४.६ सेंमीवर पहिला अ.

३. पुन्हा क वर, त्याच रेघेपासून खालच्या बाजूला १२३ अंश. ३.७ सेंमीवर ऑ.

४. आता न वर, न–क रेघेपासून खालच्या बाजूला १२२ अंश. ४.४ सेंमीवर दुसरा अ.

५. न वरच, वरच्या बाजूला ११९ अंश. ३.० सेंमीवर ह.

तपासणी: क भोवतीचा न मोजलेला कोन (अ–क–ऑ) १२१ अंश भरला पाहिजे आणि न भोवतीचा (ह–न–अ) ११९. दोन्हीकडे बेरीज ३६० होते कारण अणू सपाट आहे. मग पट्टी घेऊन पहिल्या अ पासून दुसऱ्या अ पर्यंत मोजा. ११.४ सेंमी, म्हणजे ३.८ अँगस्ट्रॉम. हे अंतर पाठच करा, पुढे दहा वेळा लागेल.

अंतर साडेआठ-नऊच्या आसपास आलं, तर दोन्ही अ रेघेच्या एकाच बाजूला काढलेत. ती सिस पाटी. आपल्याला ट्रान्स हवी: एक अ वर, एक खाली. ऑ आणि ह सुद्धा विरुद्ध बाजूंना.

"सगळीकडे १२० धरलं तर काय बिघडतं?" असं दर वर्षी कोणीतरी विचारतं. प्रामाणिक उत्तर असं की अ–अ अंतरात फारसं काही बिघडत नाही, मिलिमीटरभराचाही फरक पडत नाही. पण अ कडे जाणाऱ्या दोन्ही बंधांच्या दिशा तिरक्या होतात, आणि तो तिरकेपणा पाटीगणिक साठत जातो. खरी घोडचूक दुसरीच: न ला अमोनियासारखा पिरॅमिड समजून १०७ अंश देणं. अमोनियातला नायट्रोजन तसा असतो, पेप्टाइडमधला नाही.

टप्पा ३: पाट्या कापणे आणि नळ्या बसवणे

दहा अमिनो आम्लांना नऊ पेप्टाइड बंध, म्हणून नऊ पाट्या. दहा पाट्या करून बसणारे दरवर्षी निघतात. बोटं दहा असली तरी दोन्ही हात शेजारी ठेवून बोटांमधल्या फटी मोजा, म्हणजे लक्षात राहील.

पाटी दोन पुठ्ठ्यांची करायची, मध्ये रिफिल. म्हणजे पाटी ताठ होते आणि नळी नेमकी प्रतलाच्या मध्यावर येते. पुठ्ठा बंधांच्या रेघांभोवती सेंटीमीटरभर सोडून कापा. दोन्ही अ चे बिंदू मात्र पुठ्ठ्यावर येऊ देऊ नका. तिथून दीडेक सेंटीमीटर अलीकडेच पुठ्ठा संपला पाहिजे, कारण बिजागरी तिथे फिरायची आहे.

रिफिलचे तीन-तीन सेंटीमीटरचे तुकडे करा. एक तुकडा क पासून अ च्या दिशेने, दुसरा न पासून दुसऱ्या अ च्या दिशेने, अगदी रेघेवर. नळीचं आतलं टोक, म्हणजे क किंवा न च्या बिंदूवरचं, चिकटवण्याआधी एम-सीलने बुजवा. ही छोटी गोष्ट विसरू नका. तार आत सरकत जाऊन त्या बुचावर टेकली की बंधाची लांबी आपोआप बरोबर येते, दर वेळी मोजत बसावं लागत नाही.

फेव्हिकॉल लावून पाटी जाड पुस्तकाखाली रात्रभर ठेवा. पावसाळ्यात दोन रात्री. आमच्याकडे कृष्णेचं पाणी चढायला लागलं की हवेतल्या ओलीने पुठ्ठा सादळतो आणि पाटी पन्हाळीसारखी वळते. खऱ्या प्रोटीनमध्येही ओमेगा १८० पासून पाचेक अंश इकडेतिकडे असतो, तेवढा वळ चालेल. टेबलावर ठेवल्यावर कोपरा उचललेला दिसला, तर मात्र पाटी बदला.

दोन्ही बाजूंना क, न, ऑ, ह लिहा. नायट्रोजन निळा, ऑक्सिजन लाल.

टप्पा ४: अल्फा कार्बनच्या तारा

प्रत्येक अमिनो आम्लाला एक तार, म्हणजे दहा. नऊ सेंटीमीटरची तार एका टोकापासून ४.४ वर खूण करून वाकवा. उरलेला पाय ४.६ चा. वाकवल्यावर दोन पायांमधला कोन १११ अंश. १०९.५ हा मिथेनचा आकडा आहे. अल्फा कार्बनवर चार वेगवेगळे गट असल्याने तो थोडा उघडतो.

पक्कड कोपऱ्यावर धरून एकाच झटक्यात वाकवा. पुन्हा पुन्हा सरळ-वाकडी केलेली तार गोल वळण घेते आणि कोपरा नेमका कुठे ते कळेनासं होतं. कागदावर १११ अंशांचा कोन काढून ठेवा, प्रत्येक तार त्यावर ठेवून बघा.

४.४ च्या पायाचं टोक निळं रंगवा (हा न कडे जाणार), ४.६ चं काळं (हा क कडे). दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही. रंगाशिवाय तुम्ही पाय उलटे घालणारच.

टप्पा ५: हात ठरवणे

इथे बहुतेक मॉडेल्स चुकतात, आणि ती चूक पाहणाऱ्यांपैकी एखाद्यालाच दिसते. ती नेमकी परीक्षकालाच दिसते.

पाटी सपाट असल्याने तिला डावा-उजवा हात नसतो, उलटी केली तरी तीच. हात फक्त अ ला असतो. प्रोटीनमधली अमिनो आम्लं एल प्रकारची (एल आणि डी ही एकमेकांची आरशातली रूपं), म्हणून दहाही तारांचा हात एकच हवा.

तार टेबलावर आडवी ठेवा. कोपरा तुमच्यापासून लांब, दोन्ही पाय तुमच्याकडे. निळा पाय डावीकडे, काळा उजवीकडे. कोपऱ्यावर एम-सीलची सुपारीएवढी गोळी लावा. आता दोन टूथपिक: साइड चेनची काडी वर छताकडे, पण पुढे, म्हणजे पायांपासून लांब झुकलेली. हायड्रोजनची अर्धी मोडलेली काडी खाली टेबलाकडे, तीही पुढे झुकलेली. त्यासाठी कोपरा टेबलाच्या कडेबाहेर काढावा लागेल. दोन काड्यांमध्ये साधारण ११० अंश.

तपासणी: सुकल्यावर तार उचला आणि हायड्रोजनची काडी थेट डोळ्यांकडे करा. आता काळा पाय, साइड चेन, निळा पाय या क्रमाने बघत गेलात की नजर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरली पाहिजे. उलटी फिरली तर डी प्रकार झाला. दहाही तारा तपासा. नऊ बरोबर आणि एक उलटी असली, तर हेलिक्स नेमकी त्या जागी कुरकुरेल आणि कारण सापडता सापडणार नाही.

एम-सील तासाभरात घट्ट होतं, पण जोडणी दुसऱ्या दिवशीच करा.

टप्पा ६: जोडणी आणि पीळ

साखळी न च्या टोकाकडून सुरू करायची. पहिल्या तारेचा काळा पाय पहिल्या पाटीच्या क च्या नळीत. त्याच पाटीच्या न च्या नळीत दुसऱ्या तारेचा निळा पाय. दुसऱ्या तारेचा काळा पाय दुसऱ्या पाटीच्या क मध्ये. असंच शेवटपर्यंत. पहिल्या तारेचा निळा पाय आणि शेवटच्या तारेचा काळा पाय मोकळे राहतील, त्यांवर एम-सीलचे गोळे लावा. तार नळीत सैल वाटली तर तिच्यावर सेलोटेपचा एक वेढा द्या.

जोडून झालं की साखळी हातात घेऊन हलवा. प्रत्येक अमिनो आम्लापाशी दोनच जागी फिरली पाहिजे. तिसरी जागा फिरत असेल तर तिथली पाटी उकलली आहे.

आता फाय. न कडून अ कडे, बंधाच्या रेघेत डोळा ठेवून बघा. पुढे (जवळ) दिसतो मागच्या पाटीतला क, मागे (लांब) दिसतो तारेचा काळा पाय. दोन्ही एकाच दिशेला आणले की फाय शून्य. तिथून मागचा पाय घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवला तर धन, उलटा फिरवला तर ऋण. साय साठी अ कडून क कडे बघा. जवळ निळा पाय, लांब पुढच्या पाटीतला न. शून्य आणि खुणा तशाच.

क्लासमध्ये दोन मुली टेबलाच्या दोन बाजूंना बसून एकाच बंधावरून भांडत होत्या. एक म्हणे बंधाच्या या टोकाकडून बघायचं, दुसरी म्हणे त्या टोकाकडून. मी त्यांना जागा बदलायला लावल्या. दोघींनाही दोन्हीकडून ऋणच मिळालं. पीळकोनाची खूण कोणत्या टोकाकडून बघता त्यावर ठरत नाही. जवळचा आणि लांबचा यांचा क्रम तेवढा पाळा.

तपासणी: सगळे फाय आणि साय १८० वर नेऊन पाहा. साखळी पूर्ण ताणलेली दिसेल. फाय १८० असताना काळा पाय मागच्या पाटीच्या प्रतलात, ह च्या बाजूला येतो. साय १८० असताना निळा पाय पुढच्या पाटीच्या प्रतलात, ऑ च्या बाजूला. ऑ एकाआड एक वर-खाली आले पाहिजेत. सगळे ऑ एकाच बाजूला दिसले तर कुठेतरी शून्य आणि १८० ची अदलाबदल झाली आहे.

सावधान: ग्रंथालयातलं जुनं पुस्तक वापरत असाल तर आधी त्यातली पद्धत पाहा. १९७० च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींआधी पूर्ण ताणलेल्या साखळीला शून्य-शून्य म्हणत, आता १८०-१८० म्हणतात. जुन्या रामचंद्रन आलेखावरून (कोणते फाय-साय चालतात ते दाखवणारा आलेख) आकडे उचलले तर सगळेच १८० अंशांनी हुकतात.

टप्पा ७: अल्फा हेलिक्स

प्रत्येक फाय उणे ५७, प्रत्येक साय उणे ४७. एका टोकाकडून एकेक अमिनो आम्ल बसवत जा. पीळ जमला की नळीच्या तोंडाशी फेव्हिकॉलचा थेंब, फेविक्विक नको. फेविक्विक लावलं की चूक कायमची.

चार पाट्या झाल्या की थांबा. पहिल्या अमिनो आम्लाचा ऑ आणि पाचव्याचा न–ह यांच्यात हायड्रोजन बंध (कमकुवत ओढ, हीच वेढे धरून ठेवते) असतो. पाट्यांच्या हिशेबात पहिल्या पाटीचा ऑ आणि चौथ्या पाटीचा ह. मुलं पाचवी पाटी शोधत बसतात, कारण पाचवं अमिनो आम्ल सुरू होतं ते चौथ्या पाटीतच, हे डोक्यात येत नाही. त्या ऑ पासून त्या न पर्यंत साधारण साडेआठ ते नऊ सेंमी (२.९ अँगस्ट्रॉम) भरलं पाहिजे. तिथे पांढरा दोरा बांधा.

आणखी दोन मापं. पहिल्या अ पासून चौथ्या अ पर्यंत सरळ पट्टीने सुमारे १५ सेंमी. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत साडेअठरा. चुकत असेल तर पुढे जाऊ नका. पाच-सहा अंशांची चूक चार पाट्यांपर्यंत हाताने निस्तरते, नऊ पाट्यांवर निस्तरत नाही.

पूर्ण झाल्यावर मॉडेल उभं धरा. एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं, वेढ्याची उंची १६.२ सेंमी. सगळे ऑ साखळीच्या शेवटच्या टोकाकडे तोंड करून, साइड चेनच्या काड्या सगळ्या बाहेर. वेढा उजव्या स्क्रूसारखा, बाटलीच्या झाकणाच्या आट्यांसारखा चढला पाहिजे. उलटा चढत असेल तर खूण चुकली: उणेऐवजी अधिक घेतलंत. साइड चेनच्या काड्या पाटीच्या ऑ ला टेकायला लागल्या तरी तेच समजा.

बीटा पट्टा हवा असेल तर

बीटा पट्टा म्हणजे जवळपास ताणलेली साखळी. तीच साखळी, फक्त फाय उणे १३९ आणि साय अधिक १३५. हे प्रतिसमांतर पट्ट्याचे (शेजारच्या साखळ्या उलट दिशांनी जाणाऱ्या) आकडे आहेत. समांतरसाठी उणे ११९ आणि अधिक ११३. एक सोडून पुढच्या अ पर्यंतचं अंतर प्रतिसमांतरात २० सेंमीच्या जवळपास येतं आणि साइड चेन एकाआड एक वर-खाली. म्हणून विज्ञान दिनाला दोन्ही दाखवायचं असेल तर फेव्हिकॉलचा थेंबसुद्धा लावू नका, सेलोटेपवरच भागवा.

टप्पा ८: प्रोलीन आणि ग्लायसीन

खऱ्या प्रोटीनचा एखादा तुकडा करत असाल तर या दोन अमिनो आम्लांची नावं आधी शोधा.

ग्लायसीनला साइड चेन नाही, दोन्ही काड्या हायड्रोजनच्या. म्हणून त्याला हातही नाही, आणि इतरांना अडणारे पीळ त्याला चालतात. त्याच्या तारेची दुसरी काडीही अर्धी मोडा.

प्रोलीनची साइड चेन फिरून स्वतःच्याच न ला जोडलेली असते. त्यामुळे फाय उणे ६५ च्या आसपास अडकतो आणि न वर ह उरत नाही. त्या पाटीवरचा ह कात्रीने कापून टाका, नाहीतर नसलेल्या ह ला कोणीतरी दोरा बांधतं. साइड चेनच्या काडीपासून न पर्यंत तारेचा छोटा कमानदार तुकडा लावलात की वळं दिसतं. प्रोलीनच्या आधीची पाटी शंभरात पाचेक वेळा सिस असते, इतरांच्या बाबतीत सिस जवळपास नसतेच. दिलेल्या रचनेत सिस लिहिली असेल, तर नवा नमुना काढून दोन्ही अ एकाच बाजूला असलेली पाटी वेगळी कापा. ट्रान्स पाटी पिळून सिस होत नाही, फाटते.

हेलिक्सच्या मध्यावर प्रोलीन आलं तर चार अमिनो आम्लं मागच्या ऑ ला जोडीदार मिळत नाही आणि प्रोलीनचं वळं मागच्या अमिनो आम्लाला टेकतं. तिथे मॉडेल वाकेल. जोर लावून सरळ करू नका, तसंच वाकडं ठेवा आणि त्या तारेला पिवळा दोरा बांधा, म्हणजे परीक्षकाने विचारलं की बोट ठेवायला जागा सापडते.